लाल पट्टी

पट्टी चकाकत होती — बोटभर रुंद, वीतभर लांब. खिडकीतल्या उन्हात भीमाबाईला तिच्यात आपलाच सुजलेला डोळा दिसला... आठ दिवसांच्या काविळीनं लेक, सदू, गेला त्याला तीन महिने झाले, आणि तेव्हापासून दर शनिवारी ती ही लोखंडी पट्टी राखेनं घासत होती, कारण शनिवारीच तो मुंबईच्या प्रयोगशाळेतून दहिवलीला यायचा. दुसरं घासायला उरलं होतं तरी काय!

आज सदूचा दोस्त पोपट आला, खालापूरच्या शाळेत विज्ञान शिकवणारा. चहाला हात लावायच्या आधीच म्हणाला, "मावशे, सदूची ती लाल पट्टी हाय का गं?"

"लाल नाय रं बाबा. हीच एक हाय."

त्यानं पट्टी उलटीपालटी केली, नखानं खरवडून पाहिली.

लाल... होती की! सदूनं ती याच चुलीत भाजली होती. "फुंकून फुंकून डोळे गेले तुझे, आये. ऊन फुकट, पाणी फुकट, माल स्वस्तातला. पाण्यातनं हायड्रोजन काढीन, त्यावर तुझी चूल पेटंल." पाणी का कुठं पेटतं, मेल्या! पण पाण्याच्या बरणीत पट्टीशेजारच्या तारेवर खरंच बारीक बुडबुडे धरले होते. तिनं उन्हाआड हात धरला की थांबायचे, काढला की पुन्हा — किती वेळ ती पोरीसारखी तेच करत बसली होती. मग पुढल्या शनिवारी पट्टी खिडकीत कोरडी पडलेली, गंजलेली... लेकाची वस्तू अशी? तिनं चिंच लावून, काथ्यानं खसाखसा घासून लख्ख केली. सदू आला, बराच वेळ बघत राहिला. "चकाचक केलीस गं आये," म्हणाला, आणि वर आणखी एक भाकरी मागून घेतली.

"तो लाल गंजच तर उन्हात पाणी फोडून हायड्रोजन काढायचा," पोपट सांगत होता. "पुन्हा तसा थर जमला नाय त्याला. मला म्हणाला, येड्यासारखी माझ्याच हातनं घासली गेली."

माझ्याच हातनं.

सांग, भीमे, आत्ता सांग... तोंड उघडलं, पण सांगितलं तर सदू खोटा ठरणार, आणि माझ्यासाठी त्यानं मागं ठेवलेलं तेवढं एक खोटंच तर होतं.

"चहा निवला," ती म्हणाली.

पोपट गेला. सवयीनं हात राखेकडे वळला आणि तिथंच राहिला. आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा तिला सदूचा राग आला, असा की रडू मागंच राहिलं — एकदा तरी ओरडायचं होतंस रं माझ्यावर.