तापवून ठेवलेलं इंजिन

आवाज घोगरा आहे, तरी ऐकून घ्या. मी त्या पांढऱ्या, विकाऊ गाडीचं इंजिन बोलतोय, आणि माझा जीव टांगणीला लागलाय.

नवा होतो तेव्हा एका शिक्षिकेकडे होतो. ती वेळच्या वेळी माझं ऑइल बदलायची. मग या मालकाकडे आलो. याला गाडी रोज पुसायची हौस, पण ऑइलचं नाव काढलं की म्हणणार, "बघू पुढच्या महिन्यात." माणसं वरचं चकचकीत ठेवतात आणि आतलं दुखणं अंगावर काढतात. माझे पिस्टन झिजले, ऑइल आत झिरपून जळायला लागलं.

आज एक बाई वडिलांना घेऊन मला बघायला आली. त्यांना उपचारांसाठी सारखं लांबच्या इस्पितळात न्यावं लागतं, म्हणून गाडी हवी. म्हातारबुवांनी जन्मभर ट्रक चालवलेला, आता ऐकू कमी येतं. ते यायच्या आधीच मालकानं मला सुरू करून चांगलं तापवलं होतं. तापलो की माझा धूर दिसत नाही, खडखडही दबते.

बाईनं चावी फिरवली. मी गुणी बाळासारखा चाललो आणि मलाच माझी लाज वाटली.

"बाबा, किती शांत आहे हो," ती त्यांच्या कानाशी म्हणाली. भर रस्त्यात या माणसाला घेऊन मी बंद पडलो तर? मला धडकीच भरली.

"आवाजाचं तू बघ," म्हातारबुवा म्हणाले. "पण मघाशी, सुरू करायच्या आधी मी बॉनेटला टेकलो, तर हात पोळला."

"उन्हानं तापलं असेल, काका," मालक मोठ्यानं म्हणाला.

"सावलीत? बंद करा. गार होऊ दे. आम्हाला घाई नाही."

मालक तीनतीनदा चहा विचारत राहिला. मी गार होत गेलो तसा घाबरत गेलो. कळलं तर माझी रवानगी भंगारात. न कळलं तर यांचे हाल.

चावी पुन्हा फिरली. निळा धूर, खडखड, सगळं बाहेर आलं.

"चल," म्हातारबुवा एवढंच म्हणाले. बाईचे डोळे भरून आले. पुन्हा शोधाशोध आली. मला हायसं वाटलं आणि वाईटही.

ते वळणापलीकडे गेले नाहीत तोच मालकाचा फोन वाजला. पलीकडे कुणाचं तरी लहान मूल खिदळत होतं.

"या की. इंजिन एकदम ठणठणीत आहे. फक्त निघालात की एक फोन करा."

तुम्ही कोण आहात मला माहीत नाही. मला खोलून नीट केलंत तर मी अजून धावेन. पण हात जोडायला हात नाहीत म्हणून नुसतं सांगतो, निघताना फोन करू नका.