दोन बोटं

नवं सुती कापड आधी पाण्यात बुडवायचं, वाळवायचं, मगच कात्री लावायची. शिवणकाम मला कुणी शिकवलं नाही. ताईचे जुने फ्रॉक उसवून पुन्हा जोडता जोडता हात बसला. पण हा एक नियम मात्र ताईचाच. "कापडाला आटायचं तेवढं आधी आटू दे, मग माणसाच्या मापाला लाग," असं ती म्हणायची.

ताई पुढच्या महिन्यात ग्रंथालयातून निवृत्त होणार होती. निरोपाच्या दिवशी घालायला तिनं माझ्याकडं निळा झगा शिवायला टाकला. काम तुंबलं होतं. एकदा नाही भिजवलं तर काय आभाळ कोसळणार आहे, म्हणत मी कोरंच कापड बेतलं. आभाळ कोसळलं नाहीच. झगा असा चापून बसला की मला स्वर्ग दोन बोटं उरला.

आठवड्याभरात ताई तोच झगा घालून दुकानात आली. पाठीची चेन अर्ध्यावर अडकलेली.

"निरोपाआधी म्हणून एकदाच धुतला गं. आणि हे बघ, खालूनही दोन बोटं वर गेलाय. या वयात माझी उंची वाढली की काय?"

दुकानात पोस्टातल्या बाई बसल्या होत्या. गल्ली त्यांना 'तार' म्हणते, कारण पत्राआधी बातमी पोचवतात. मी झग्याची कड पाहिली आणि चूक कळली. पण तारेसमोर कबूल करायचं? संध्याकाळपर्यंत साऱ्या गल्लीत मी कापड न भिजवणारी शिंपीण झाले असते. मी ताईच्या कमरेला टेप लावला, बोटभर सैल धरला.

"सुटलीस गं ताई. चांगली दोन इंच."

"आणि लांबी?"

"पोट आलं की कपडा वर उचलला जातोच."

"वाढच आहे, फक्त आडवी," पोस्टातल्या बाई म्हणाल्या आणि हसल्या. मीही हसले.

ताईचं तोंड एवढंसं झालं. मापाच्या वहीत मात्र मी तिला दोन इंच वाढवून ठेवलं.

पंधरा दिवसांनी भाऊजी आले. "काय मंत्र दिलास तुझ्या बहिणीला? एकच वेळ जेवते. काल पुस्तकांच्या शिडीवर चक्कर आली. खालच्या पायरीवर होती म्हणून निभावलं."

मी तशीच शटर ओढून त्यांच्या मागोमाग गेले.

ताई आरशासमोर उभी होती. चेन मानेपर्यंत लागलेली, गालांची हाडं वर आलेली. "बघ, बसला," ती म्हणाली. लहानपणी माझा पहिला वेडावाकडा फ्रॉक मी तिला असाच दाखवला होता, आणि तेव्हा ती खोटं बोलली नव्हती. बाही उलटी लागलीय, असं तिनं सरळ सांगितलं होतं.

"ताई, कापड आटलं होतं. मी भिजवलंच नव्हतं."

ती आरशाकडून माझ्याकडं वळली.

"म्हणजे मी होते तेवढीच होते?"

"तेवढीच."

"आणि टेप?"

"सैल धरला."

ती पलंगाच्या कडेवर बसली. "ग्रंथालयात दोन कपाटांमधून जाताना पोट आत ओढून जायचे गं मी. कुणी बघत नसलं तरी."

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. पण जमिनीला काय, ती कुणाच्या मापानं उघडत नाही.

"माफ कर ताई."

"मला काय सांगतेस? मला कळलं आता. जिथं हसलीस तिथं सांग."

दुसऱ्या दिवशी ताई माझ्या स्टुलावर येऊन बसली. पोस्टातल्या बाई आपले कपडे झाले का बघायला आल्या. मी सांगितलं.

"काय म्हणालात? ऐकू नाही आलं," त्या म्हणाल्या.

मग मोठ्यानं सांगावं लागलं, टेपसकट सगळं. शेजारचा चष्मेवाला दारात येऊन उभा राहिला. मी जमिनीवरचे दोरे पाहत होते.

पोस्टातल्या बाई यावेळी हसल्या नाहीत. त्यांची नजर टेबलावर गेली. तिथं त्यांचंच कापड पसरलेलं होतं, खडूच्या रेघा ओढून कापायला तयार, दुकानातल्या घड्या अजून तशाच.

"मग हे माझं?"

"नाही भिजवलं," मी म्हटलं.

ताई स्टुलावरून उठली. "बादली कुठं ठेवतेस?" तिनं विचारलं.