काचेवरची टकटक

मित्रांनो, मी एक जुना फावडा आहे, आणि आधीच सांगतो, फार भित्रा आहे. माती ओढायचा नव्हे, बर्फ उचलायचा. पेनसिल्व्हेनियातल्या एका कारखान्यात माझं रुंद पातं लाकडी दांड्याला जोडलं, तेव्हा मला वाटलं होतं, बर्फ तर मऊ असतो, आपल्याला कसली भीती!

माझे पहिले मालक निवृत्त शिक्षक होते. ते पात्याला मेण चोळायचे, म्हणजे बर्फ चिकटत नाही. काम झालं की मला पुसून खुंटीला अडकवायचे. एका सकाळी बर्फ उचलताना ते थांबले, छाती चोळली, "काही नाही" असं पुटपुटले आणि पुन्हा कामाला लागले. त्यांच्या डाव्या हाताची पकड सैल होत गेली. मला ते कळत होतं, पण ओरडता येत नव्हतं. ते पडले आणि पुन्हा उठले नाहीत. मी त्यांच्या शेजारी पडून होतो. तेव्हापासून कुणी मला हातात घेतलं की माझा जीव घाबरा होतो.

त्यांच्या पत्नीला मी डोळ्यांसमोर नको होतो. तिने मला अंगणात मांडलेल्या जुन्या सामानाच्या सेलमध्ये विकायला ठेवलं. तिथून मला धम्मदीपने आणलं. तो स्टेट कॉलेज नावाच्या गावातल्या विद्यापीठात पीएचडी करत होता आणि बायको उपासनाबरोबर एका जुन्या घराच्या तळमजल्यावर भाड्याने राहत होता. शहाण्णव सालच्या जानेवारीत त्याचे आईवडील, कांताआजी आणि लहूआजोबा, नागपूरहून आलेले होते. मला 'फावडा' हे नाव आजोबांनीच दिलं.

त्या आठवड्यात इतका बर्फ पडला की बसगाड्या बंद झाल्या. धम्मदीप पायीच निघाला. "बाबा, लॅबमधलं मशीन बघून येतो, मग हा बर्फ मी क्लीन करतो. तुम्ही हात लावू नका, प्लीज."

आजोबा हो म्हणाले. तो वळणावर दिसेनासा झाला, तसे पोटभर पोहे खाऊन बाहेर आले.

"अहो, तो नको म्हणाला न!" कांताआजी दारातून म्हणाल्या.

"दमून येईल पोरगा. विहाराच्या पायाची माती उपसली मी, हा तर कापूस आहे."

कापूस कसला! आजोबा माझं पातं काठोकाठ भरत, कंबरेतून वळत आणि खांद्यावरून मागे फेकत, मातीसारखंच. मध्ये थांबणं नाही, पाणी नाही. वाट मोकळी करत ते रस्त्यापर्यंत पोचले. तिथे बर्फ हटवणाऱ्या गाडीने कडेला लोटलेला ढीग होता, दगडासारखा घट्ट. आजोबांनी मला त्यात खुपसलं आणि थांबले. त्यांनी छाती चोळली.

माझ्या पात्यापासून दांड्यापर्यंत भीती गेली.

"काय झालं?" आजींनी विचारलं.

"काही नाही, पोह्यांनी गॅस झाला. ओवा आण थोडा."

आजींनी ओवा आणला. आजोबांनी तो चघळला आणि पुन्हा मला धरलं. डावा हात सैल पडत होता. मी त्या पकडीला ओळखत होतो. थांबा, आजोबा, थांबा! मी मनातल्या मनात किंचाळत होतो. त्यांनी उजव्या हाताने सगळा जोर लावून मला ढिगातून उचकटलं आणि माझा दांडा कडाड करून मोडला. मी मुद्दाम मोडलो का, ते मलाही सांगता येत नाही. पण मोडल्याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

तुटका तुकडा हातात घेऊन ते चिडतच घरात गेले. उपासनाने पाहिलं.

"बाबा, एवढा घाम? बाहेर मायनसमध्ये आहे! मी नाइन-वन-वनला कॉल करतेय."

"अगं, गॅस आहे नुसता."

"गॅस निघाला तर परत येऊ."

अँब्युलन्सची माणसं ढीग ओलांडून आली आणि आजोबांनीच मोकळ्या केलेल्या वाटेने त्यांना घेऊन गेली. मी ढिगात रुतून बघत होतो. आता पुन्हा तेच होणार, या भीतीने मी गारठलो.

पण आजोबा परत आले. डॉक्टर म्हणाले, हृदयाचा झटका होता, वेळेवर आलात.

मित्रांनो, बर्फ दिसतो तेवढा हलका नसतो. थोडाथोडा घ्या, जमेल तेवढा नुसता ढकला, अंग पिळून फेकू नका, आणि दम लागायच्या आत थांबा. भरल्या पोटी जाऊ नका. छातीत दुखलं तर त्याला गॅस म्हणून ओवा खात बसू नका. आणि घरातल्या मोठ्यांना रिकामं बसवत नाही, म्हणून त्यांच्यासाठी काहीतरी काम ठेवा.

धम्मदीपने मला नवा दांडा बसवला. आता बर्फ तोच काढतो. आजोबा खिडकीत बसतात, हातात माझ्या जुन्या दांड्याचा तुकडा घेऊन. धम्मदीप थोडा वेळ राबला की ते काचेवर टकटक करतात, मोठ्याने, शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतकी. तो आवाज माझाच आहे.

"हो बाबा, थांबलो!" धम्मदीप ओरडतो, आणि मला भिंतीला टेकवून पाणी प्यायला जातो.