धाकटीच्या दातांचं गार्ड

नाक मुरडू नका, मी माउथगार्ड बोलतोय. दातांवर बसवायचं निळं, रबरासारखं कवच. उभा जन्म लाळेत गेला माझा, पण म्हणून मला बोलायची बंदी नाही. उलट माणसाच्या तोंडातच राहिल्यामुळे त्याचं खरंखोटं मला जेवढं कळतं, तेवढं त्याच्या आईलाही कळत नसेल.

मला दातांच्या डॉक्टरांनी घडवलं. धाकटीच्या दातांचा ठसा घेतला, त्यावर मला तापवून दाबलं, कडा घासल्या. तिचा पुढचा एक दात किंचित तिरका आहे, तो माझ्यातही तिरका. त्यामुळे मी जगात एकाच तोंडात बसतो. दुसऱ्या कुणी घातलं तर हिरडीला टोचतो, ओकारी येते.

त्याच खुर्चीत मोठीचंही गार्ड झालं. मोठी म्हणजे धाकटीची सख्खी बहीण. दोघी रग्बी सेव्हन्सच्या एकाच संघात, त्यामुळे आम्हा दोन्ही गार्डांचा रंगही एकच. धाकटी एक नंबरची वेंधळी, म्हणून दोघींच्या डब्या मोठीच्याच बॅगेत असायच्या. "डोकं धडाला चिकटलंय म्हणून बरं," मोठी म्हणायची, "नाहीतर तेही बसमध्ये विसरून आली असतीस."

हा खेळ म्हणजे जिवाचा खेळ. एका बाजूला सात जणी, मैदान मात्र पंधरा जणींना पुरेल एवढं. सात मिनिटांचा एक हाफ, तसे दोन, आणि एकाच दिवसात दोन-तीन सामने. धाकटी अशी पळायची की मला धाप लागायची. मोठीला आमचे प्रशिक्षक सर बहुतेक वेळ राखीव बाकावर बसवायचे. तिला ते लागत नसेल असं कसं म्हणू? पण तोंडातून कधी चकार शब्द काढला नाही तिने.

त्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत आमचा संघ पहिल्यांदाच शेवटच्या आठांत पोचला होता. अजून दोन सामने जिंकले की पुढच्या वर्षी मोठमोठ्या देशांबरोबर खेळायला जागा पक्की. सगळ्यांच्या डोळ्यांत तेवढंच होतं.

त्यातला पहिला सामना आम्ही जिंकला. पण संपता संपता धाकटीने बॉल घेऊन पळणाऱ्या एका आडदांड पोरीला पाडलं आणि त्या पोरीचा गुडघा हिच्या कानशिलावर बसला. माझ्या अंगातून सणकन कळ गेली. धाकटी उठली, हसली, अंगठा दाखवला. सगळे जिंकल्याच्या आनंदात, कुणाचं लक्ष नव्हतं. मला मात्र कळलं, कारण त्यानंतर ती मला एकाच बाजूने चावत होती.

कपडे बदलायच्या खोलीत तिने बेसिनमध्ये भडाभडा ओकलं. मोठी धावली.

"काय गं, डोक्याला लागलं का?"

"छे. ऊन बाधलंय. आणि हे सरांना सांगत बसू नकोस."

मोठीने तिच्या मानेवर ओला टॉवेल ठेवला. तिचं समाधान झालं नव्हतं, पण पुढच्या सामन्याची हाक आली आणि विषय तिथेच राहिला.

घोळ झाला तो त्यानंतर. धाकटीने बॅगेतून डबी उचलली, गार्ड तोंडात घातलं आणि मैदानात गेली. ते गार्ड मोठीचं होतं. मी आपला माझ्या डबीत तसाच. खरं सांगतो, पहिल्यांदा मला रागच आला. एवढी वर्षं दातांखाली काढली आणि ही मला ओळखत नाही?

बाकावर मोठीने तयारीत राहावं म्हणून उरलेली डबी उघडली आणि मला तोंडात घातलं. लगेच थुंकून बाहेर काढलं. माझ्याकडे पाहिलं, तिरका दात पाहिला. मग मैदानात पाहिलं. तिथे धाकटी परक्या मापाचं गार्ड चावत पळत होती आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता. मोठीचा चेहरा पांढराफटक पडला. माझा राग कुठल्या कुठे गेला.

ती मला मुठीत धरून सरांकडे गेली. "सर, तिला बाहेर काढा. तिचं डोकं ठिकाणावर नाही."

सर मैदानावरची नजर न काढता म्हणाले, "आपण पुढे आहोत. आत्ता काढू तिला? तुला खेळायचंय का तिच्या जागी?"

मूठ इतकी आवळली गेली की तिची नखं माझ्यात रुतली. ती थेट मैदानाच्या डॉक्टरांकडे गेली.

हाफ संपताच डॉक्टरांनी धाकटीला गाठलं. "आधीचा सामना कुणाशी झाला?" तिने आदल्या दिवशीच्या संघाचं नाव सांगितलं. खेळ तिथेच थांबला तिचा. तिच्या जागी सरांनी मोठीलाच उतरवलं. तिने धाकटीच्या तोंडातलं आपलं गार्ड घेतलं, बाटलीतल्या पाण्याने विसळलं आणि गेली. तोवर समोरच्या पुढे गेल्या होत्या आणि शेवटच्या मिनिटाला त्यांच्या गोलरेषेपाशी तिच्या हातून बॉल सुटला. आम्ही हरलो.

घरी आल्यावर धाकटीच्या खोलीचे पडदे कित्येक आठवडे बंद होते. उजेड सोसवत नव्हता. बहिणीशी बोलणं त्याहून बंद. येईल त्याला एकच सांगायची, "मी ठणठणीत होते. हिला खेळायचं होतं, म्हणून मला बाहेर काढलं." मोठी ऐकून घ्यायची. आई मधल्यामध्ये भरडली जायची.

परवा सकाळी धाकटीने मला धुवायला काढलं. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडून खेळायची परवानगी आणायची होती. मोठी दात घासत होती.

"अजून घाई करू नकोस," ती म्हणाली.

"तुला काय त्याचं? गार्ड बदललं म्हणून केवढं रामायण केलंस. घाईत कुणीही कुणाचंही घालेल."

मोठीने चूळ भरली, कपाटातून स्वतःची डबी काढून तिच्यापुढे ठेवली. "घाल मग."

धाकटीने तोऱ्यात घातलं. क्षणात ती बेसिनवर वाकली, डोळ्यांत पाणी आलं. पुन्हा अंगठ्याने दाबून पाहिलं. बसेना.

"हे घालून मी खेळले?"

"सगळा पहिला हाफ."

"आणि मला कळलं नाही?"

धाकटी खाली फरशीवर बसली. म्हणाली, "ताई, मला तो सामना आठवतच नाही गं. सगळ्यांना सांगते ते व्हिडिओत बघून सांगते." मग आणखी हळू, "कधीकधी कालचंही आठवत नाही. कुणाला बोलले नाही मी."

मोठीने नळ बंद केला आणि तिच्याजवळ बसली. "डॉक्टरांना सांगू हे. मी येते बरोबर," एवढंच म्हणाली. धाकटीने तिचा हात धरला तो सोडलाच नाही. मला फार भीती वाटली तेव्हा. अजून वाटते.

माझ्यासारख्या वस्तू आत्मकथेच्या शेवटी विनवतात, आम्हाला वापरा, कोपऱ्यात टाकू नका. मी उलटं मागतो. मला डबीतच राहू द्या. सुकलो, पिवळा पडलो, तडे गेले तरी चालेल. खेळायला ती आतुर असेल, सरांचे फोन येतील, तुम्हालाही तिला पळताना बघावंसं वाटेल. तेव्हा एकदा तिच्यासमोर बसा आणि काल काय जेवलीस ते विचारा. तिला सांगता येईपर्यंत माझं झाकण उघडू नका.