आरडाओरडा

पुस्तकं बांधणाऱ्या बाइंडरबाईंनी पोलिसांनी लिहिलेला स्वतःचाच जबाब पुन्हा वाचला आणि चौथ्या ओळीवर बोट ठेवलं.

“‘मी घाबरून आरडाओरडा केला, तेव्हा आरोपी पळाला.’ हे मी बोललेच नव्हते.”

कोर्टाच्या व्हरांड्यात उभ्या सरकारी वकिलांच्या काखेत आणखी पाच फायली होत्या. “राहू द्या हो. चोरीला दीड वर्ष झालं. आता जबाब फिरवलात तर केस ढिली पडेल.”

“पण मी ओरडले नव्हते.”

“घरात चोर बघून माणूस ओरडतोच, बाई.”

पोलीस चौकीतही त्यांनी हेच ऐकलं होतं. त्या सांगत होत्या एक आणि समोरचा पोलीस लिहीत होता भलतंच, तेही इतक्या सराईतपणे की राग येण्याआधी बाईंना कुतूहलच वाटलं. याच्याकडे सगळ्यांच्या चोऱ्या आधीच लिहून तयार असतात की काय? नवऱ्याचं घड्याळ गेलं ते गेलंच. पण त्या दुपारी जे घडलं तेही कुणीतरी उचलून नेलं, ही रुखरुख तेव्हापासून लागून राहिली होती.

पुकारा झाला. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहून बाईंनी शपथ घेतली. समोर आरोपी खाली मान घालून उभा होता.

“हाच का तो?” सरकारी वकिलांनी विचारलं.

बाईंनी त्याला नीट न्याहाळलं. “पाठमोराच जास्त दिसला होता. खात्रीने नाही सांगता येणार.”

सरकारी वकील खाली बसले. आरोपीचे वकील उत्साहाने उठले.

“जबाबात आहे तसा आरडाओरडा केलात?”

“नाही.”

“मग काय केलंत?”

“पुस्तकं शिवत बसले होते, पुठ्ठे चिकटवायचा सरस खाली ठेवून. त्याला म्हटलं, ‘बघून चाल, खाली गरम सरस आहे.’”

मागच्या बाकांवर खसखस पिकली.

“चोराची एवढी काळजी?”

“काळजी कसली? घरातच दुकान आहे, येणाऱ्या-जाणाऱ्याला रोज तेच सांगते. निघून गेलं तोंडातून.”

वकील न्यायाधीशांकडे वळले. “साहेब, असं कुठे घडतं का? बाईंनी सगळं मनाने रचलंय. चोरी तरी झाली का, हाच प्रश्न आहे.”

“बाई खोटं बोलत नाहीत.”

सगळ्यांनी वळून पाहिलं. आरोपी बोलत होता.

“तू गप्प बस,” त्याचे वकील दबक्या आवाजात म्हणाले.

“सांगितलं होतं त्यांनी,” तो म्हणाला. “तरी माझा पाय पडलाच त्यात.”

टंकलेखकाची बोटं थांबली. न्यायाधीशांनी चष्मा काढला. “लिहून घ्या,” ते सावकाश म्हणाले. आरोपीच्या वकिलांनी खुर्चीत अंग टाकलं.

बाईंची नजर आरोपीच्या पायांकडे गेली. त्याने डावं पाऊल उजव्यामागे ओढून घेतलं.

“खूप भाजलं होतं का रे?” त्यांनी विचारलं.

साक्षीदाराने प्रश्न विचारायचे नसतात. सरकारी वकील तसं सांगायला अर्धवट उठलेही. पण न्यायाधीशांनी हातानेच त्यांना बसवलं आणि तेही आरोपीच्या उत्तराची वाट बघत राहिले.