आस्लाकच्या नावावरच्या चार बाटल्या

इल्वाच्या बाप्तिस्म्याला बावीस माणसं येणार होती आणि त्यात सिंद्रेचे दोन मामाही होते, त्यामुळे आठ बाटल्या वाइन कुठल्या कुठे जाणार हे उघड होतं. सीमेपलीकडच्या स्वस्त स्वीडनमधून कर न भरता आणायच्या तर माणशी चार बाटल्या वाइन आणि सहा डबे बिअर. इल्वाचे आईबाप, टोरुन आणि सिंद्रे, अशी दोनच माणसं. इल्वा दहा महिन्यांची, तिचा कोटा शून्य. सिंद्रेने तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू तिने मुद्दामच जन्माला यायला उशीर केला होता.

"बाबांना घेऊन जाऊ," तो म्हणाला.

टोरुन इल्वाला गाजराचा लगदा भरवत होती. चमचा हवेतच थांबला. "बाबांना? स्वीडनला? वाइन आणायला?"

"वाइन आणायला नाही गं. बेकन आणायला. बेकन त्यांनाही लागतं. गाडीत बसतील, म्हणजे चार बाटल्या त्यांच्या नावावर."

"अरे, ते दारूला शिवत नाहीत!"

"म्हणूनच तर. सत्याहत्तर वर्षांचा कोटा नुसता वाया गेलाय त्यांचा."

त्यांच्या राक्केस्ताड गावापासून नॉर्वेची सीमा तासाभराच्या आत. एवढ्या जवळ राहणाऱ्या माणसाला शिळं अन्न टाकवतं, पण कोटा वाया घालवणं जिवावर येतं. टोरुनला हे कळत होतं; ती याच भागात वाढली होती. पण तिचे सासरे आस्लाक हे वेगळं प्रकरण होतं. पंधराव्या वर्षी त्यांनी प्रार्थनाघरात उभं राहून दारू न पिण्याची शपथ घेतली होती, आणि तेव्हापासून खोकल्याच्या औषधाची बाटलीसुद्धा ते चष्मा लावून, मागची बारीक अक्षरं वाचून मगच उघडत.

"त्यांना विचारशील तरी?" टोरुन म्हणाली.

"विचारलं तर नाही म्हणतील."

"मग?"

"मग कशाला विचारायचं?"

टोरुन यावर भांडली असती, पण तिला आस्लाकशी वाकडं घ्यायचं नव्हतं आणि सिंद्रेशीही. ऑगस्टमध्ये ती प्रयोगशाळेतल्या कामावर परत जाणार होती. पाळणाघरात जागा थेट पुढच्या वर्षी. तोवर इल्वाला आस्लाक सांभाळणार. "बाबा आहेतच की," असं सिंद्रे एप्रिलमध्ये म्हणाला होता, आणि त्या भरवशावर टोरुनने साहेबांना तारीख कळवून टाकली होती. रात्री अंथरुणात ती मनातल्या मनात उजळणी करायची: बाबा हात धुतात, बाबा हळू चालतात, बाबांच्या घराला पायऱ्या तीनच. तिच्या सगळ्या काळज्यांना आस्लाक हे एकच उत्तर होतं, आणि त्याच उत्तराला सिंद्रे आता दारूच्या गाडीत बसवायला निघाला होता.

फोनमध्ये जकातीचं अॅप उघडून जादाच्या चार बाटल्यांवर किती कर बसेल ते तिने तीनदा भरून पाहिलं. सिंद्रेने ते पाहिलं. "तिसरा माणूस समोर बसलेला असताना कर भरायचा? लोक हसतील." तिने फोन ठेवून दिला.

शनिवारी निघाले. आस्लाक पुढे, टोरुन मागे इल्वाच्या शेजारी. सीमेपलीकडच्या बाजारात पोहोचल्यावर सिंद्रेने आस्लाकला इल्वासकट एका बाकावर बसवलं, हातात कोळंबीचं सँडविच दिलं आणि म्हणाला, "बाबा, तुम्ही दोघं इथे आरामात बसा. आम्ही पटकन जाऊन येतो."

"पटकन कुठे?"

"इथेच. जरा हे ते."

हे ते म्हणजे दारूचं सरकारी दुकान. शनिवारी तीनला बंद होतं, म्हणून अख्खं नॉर्वे त्याच्या दारात. टोरुन रांगेतून टाचा उंचावून बाकाकडे बघत राहिली. आस्लाक कोळंब्या एकेक करून बाजूला काढत होते आणि इल्वाच्या हाती काही लागू देत नव्हते. हे तिने मनात नोंदवलं. बरं वाटलं, आणि लगेच जास्त वाईट वाटलं.

बारा बाटल्या आणि अठरा डबे डिकीत मागे गेले. त्यावर आस्लाकचं बेकन, त्यावर सुट्या चॉकलेट-गोळ्यांच्या पिशव्या, त्यावर इल्वाची घडीची बाबागाडी. टोरुनने प्रत्येक खोका हलवून पाहिला. करकचून ब्रेक लागला तर हे सगळं पोरीच्या मानेवर येणार नाही ना, एवढंच तिच्या डोक्यात. सिंद्रे म्हणाला, "तू सोबत असताना आपल्याला विमा कशाला लागतो तेच कळत नाही."

सीमेवरचा पूल ओलांडला. पलीकडे जकातीची हिरवी मार्गिका, म्हणजे जाहीर करण्यासारखं काही नसलेल्यांची, आणि त्या मार्गिकेत पिवळं जाकीट घातलेली एक बाई. तिने हात वर केला.

"झालं," टोरुन पुटपुटली.

"झालं काय? मोजून आणलंय," सिंद्रे म्हणाला आणि काच खाली घेतली.

बाईने गाडीत डोकावून आधी झोपलेल्या इल्वाकडे पाहिलं, मग आवाज उतरवून विचारलं, "दारू, तंबाखू, मांस?"

"मांस थोडंसं. दारू तिघांच्या कोट्याची. डब्यापर्यंत बरोबर."

"तिघांच्या." ती वळसा घालून पलीकडच्या खिडकीशी गेली. "आजोबा, यातलं तुमचं काय?"

टोरुनला मागून आस्लाकचे फक्त कान दिसत होते. ते आधी होते तसे राहिले, मग हळूहळू लाल झाले. तिने इल्वाचा पट्टा उगाचच घट्ट केला. आता ते म्हणणार, माझं काहीच नाही. मग चार बाटल्या जास्त, मग सगळे खाली उतरा, मग दंड. दंडाचं तिला काही नव्हतं. पण ऑगस्ट? ज्या माणसाला न विचारता दारूच्या ओझ्याला जुंपलं, तो उद्या पोर कशाला सांभाळेल?

"माणशी किती चालतं?" आस्लाकने विचारलं.

"असं घेतलं तर चार बाटल्या वाइन, सहा डबे बिअर."

"मग तेवढं माझं."

सिंद्रेने श्वास सोडला. बाईही निघाल्यातच जमा होती. पण आस्लाकने दार उघडलं.

"बाबा, कुठे?" सिंद्रे म्हणाला.

"माझं म्हटलंय. कोणतं माझं ते नको का माहीत असायला?"

त्यांनी डिकी उघडायला लावली. घडीची गाडी, गोळ्या, बेकन, सगळं रस्त्याच्या कडेला ओळीने मांडलं. मग चष्मा लावला आणि एकेक बाटली उचलून मागची अक्षरं पहिल्या ओळीपासून वाचायला घेतली. मागे गाड्यांची रांग लागली. जकातीची बाई हाताची घडी घालून उभी राहिली; घाई करा म्हणायचं तिला सुचलं नाही, किंवा सुचूनही जमलं नाही.

"ही," आस्लाक म्हणाले. "ही. ही नको, हिच्यावर कोंबडा आहे. ही. आणि ही."

"आजोबा, लाल घेतल्या सगळ्या," ती बाई म्हणाली. "एखादी पांढरी?"

"पांढरी बरी असते?"

"माशाबरोबर."

त्यांनी एक बदलली. चार बाटल्या आणि सहा डबे बेकनच्या पिशवीत गेले, आणि ती पिशवी मांडीवर घेऊन ते परत पुढच्या सीटवर बसले. बाईने दार लावून दिलं.

गाडी पाच-सहा किलोमीटर पुढे गेली. मग सिंद्रेला राहवलं नाही. "बाबा, मानलं तुम्हाला! काय नाटक केलंत! मला वाटलं, गेली वाइन."

"नाटक कसलं?"

"म्हणजे, ते सगळं वाचणं वगैरे. पटलं तिला."

"पटायला काय झालं? खरंच आहे ते. आधी माझं घर लागेल ना? मला उतरव, आणि हे उतरव."

"हे म्हणजे बेकन."

"बेकन आणि वाइन."

सिंद्रे हसला, मग आरशात टोरुनकडे पाहिलं, मग हसायचा थांबला. "अहो पण तुम्ही पीत नाही!"

"पीत नाही असं मी प्रार्थनाघरात सांगितलंय. माझ्या आहेत असं जकातीत सांगितलंय. दोन्ही ठिकाणी शब्द दिलाय."

"बाप्तिस्मा पुढच्या शनिवारी आहे, बाबा. बावीस माणसं."

"मी येणार आहे. मला फळांचा रस चालतो."

आस्लाकच्या दारात गाडी थांबली तेव्हा शेजारच्या गुनवोरबाई कुंपणाशी गुलाब छाटत होत्या. प्रार्थनाघराच्या चाव्या त्यांच्याकडे असतात, आणि बातम्याही.

"काय आस्लाक, स्वीडनला का?"

"हो. बेकन आणि वाइन आणली."

गुनवोरबाईंची कात्री उघडी ती उघडीच राहिली. आस्लाक तीन पायऱ्या चढून आत गेले.

"मी काही जात नाही आत," सिंद्रे म्हणाला. "माझ्यावर चिडलेत."

"तुझ्यावर कशाला? माझ्यावर," टोरुन म्हणाली. इल्वाला कडेवर घेऊन ती आत गेली.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर मेणकापड होतं आणि त्यावर चार बाटल्या एका ओळीत, मागे बिअरचे सहा डबे. आस्लाक बेकन फ्रिजमध्ये रचत होते.

"बाबा, चूक झाली आमची."

"बस आधी. पोरगी जड झालीय."

ती बसली. इल्वाने लगेच जवळच्या बाटलीकडे हात टाकला. आस्लाकने बाटली वीतभर मागे सरकवली. "ते माझं आहे," ते तिला गंभीरपणे म्हणाले.

"तुम्ही रागावलात," टोरुन म्हणाली.

"रागावलोय. सिंद्रेचं मला नवल नाही. तो लहानपणापासून विचारत नाही, उचलतो. पण तू विचारणारी. पोरीला घ्यायच्या आधी मला हात धुवायला लावतेस, तेही 'धुता का बाबा' असं म्हणून. आणि आज मागे बसून माझे कान बघत होतीस, आरशात दिसलं मला."

टोरुनने इल्वाला नीट मांडीवर घेतलं. "मग माझं नाही असं का नाही म्हणालात?"

"पोरगी झोपली होती. सगळ्यांना उतरवलं असतं त्या बाईने." त्यांनी फ्रिज लावला. "शिवाय, माझ्या नावावर गाडीत बाटल्या आहेत हे मला तिथे कळलं. त्या माझ्या आहेत की नाहीत, हे मीच ठरवायचं ना?"

"आणि आता यांचं काय करणार?"

"ठरवलं नाही. बासष्ट वर्षांत हा प्रश्न आला नव्हता."

टोरुन इल्वाच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग तिने बोलून टाकलं. "बाबा, ऑगस्टचं..."

"ऑगस्टचं काय?"

"तुम्ही इल्वाला सांभाळणार आहात ना?"

"असं ऐकलंय खरं. गुनवोरने सांगितलं. तिला पेट्रोल पंपावर सिंद्रेने सांगितलं होतं."

एप्रिल, मे, जून. तीन महिने तिने या माणसाच्या हातांची, पायांची, पायऱ्यांची मोजदाद केली होती आणि त्याला एकदाही विचारलं नव्हतं. सिंद्रेने विचारलं असेल असं ती धरून चालली होती. सिंद्रेने काय विचारलं असणार!

ती खुर्चीत ताठ बसली. "बाबा, ऑगस्टपासून मी कामावर जाणार. सोमवार ते शुक्रवार, सकाळी सातपासून दुपारी साडेतीनपर्यंत. वर्षभर. ती रांगते, वस्तू तोंडात घालते, दुपारी झोपताना रडते. तुम्ही सांभाळाल का तिला?"

आस्लाकने भिंतीवरची दिनदर्शिका खाली काढली, ऑगस्टचं पान उघडलं, चष्मा लावला. बाटल्यांना लागला होता तेवढाच वेळ लागला. टोरुनला वाटलं, नाही म्हणाले तर आपण काय करू? आणि तिच्या लक्षात आलं की या 'नाही'ची तयारी तिने केलेलीच नाही. एवढ्या काळज्यांच्या गर्दीत ही एकच सुटली होती.

"मंगळवारी जमायचं नाही," आस्लाक म्हणाले. "प्रार्थनाघरात म्हाताऱ्यांचं जेवण असतं. सूप मी करतो."

"आणि बाकीचे वार?"

"बाकीचे चालतील."

टोरुनने इल्वाच्या केसांत तोंड खुपसलं. डोकं वर करायला तिला थोडा वेळ लागला. मग, विचारायची वेळच आली आहे तर सगळंच विचारून घ्यावं म्हणून, ती म्हणाली, "बाबा, आणि शनिवारी बाप्तिस्म्याला या बाटल्या द्याल?"

"नाही."

हे मात्र त्यांनी दिनदर्शिका न बघता सांगितलं.

"बरं," टोरुन म्हणाली.

आस्लाकने खणातून पेन्सिल काढली, बेकनच्या पावतीची मागची बाजू सपाट केली. "सकाळी काय खाते ही?"

"साडेसातला ओट्सची पेज. स्टीलच्या चमच्याने नाही, लाल चमच्याने. अकराला केळं, पण कुस्करायचं नाही, हातात द्यायचं. देताना शेजारी बसायचं."

"सावकाश सांग."

बाहेर हॉर्न वाजला. खिडकीतून सिंद्रे दिसत होता. गुनवोरबाई त्याच्या खिडकीशी वाकून बोलत होत्या, कात्री हातात घेऊनच, आणि तो जोरजोरात मान हलवत होता. टोरुनने त्याला बोटांनी पाच मिनिटं अशी खूण केली.

"अकराला केळं, हातात," आस्लाक लिहीत म्हणाले. "मग?"

"मग झोप. पण खिडकी उघडी असेल तर पातळ पांघरूण, बंद असेल तर नको."

"आणि अर्धी उघडी असेल तर?"

टोरुन विचारात पडली.