ओठांनी दाखवलेली दिशा

डोरीनला कॉलेजनं फसवलं. 'तुमच्या माणसांच्या रीतीनं शिका' असं सांगून तिला अमेरिकेतल्या माळरानावरून इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला आणलं आणि त्याच रीतीसाठी नापास करून परत पाठवलं.

ती अमेरिकेतल्या लाकोटा या आदिवासी जमातीची. अपघातानं काम सुटलेल्या माणसाला पुन्हा कामावर उभं करणारी समुपदेशक व्हायचं, आणि तिच्या वस्तीत तशी जी पुष्कळ माणसं होती त्यांच्याकडे परतायचं, एवढंच तिचं मागणं. दारांच्या पितळी मुठींना पॉलिश करणाऱ्या माझ्या वर्कशॉपमध्ये ती प्रशिक्षणासाठी आली तेव्हा नोव्हेंबरचा उजेड काचेवर राखेसारखा साचला होता. चाकांच्या घरघरीत तिची शांतता वेगळी ऐकू यायची. प्रश्न विचारला की ती थांबे. वडीलधाऱ्याला झटकन उत्तर देणं तिच्याकडे उद्धटपणाचं. दिशा दाखवायची तर बोट उचलत नसे, ओठ किंचित पुढे काढी. भाव करण्यात आयुष्य गेलेल्या मला तो विराम सोसवत नसे. समोरचा गप्प बसला की मी आकडा वाढवून मोकळा होतो.

तिच्याकडे सोपवलेल्या माझ्या मधुकाकांची उजव्या हाताची बोटं माझ्याच मशीनवर गेली होती. तेव्हापासून ते शहरातल्याच हँड्सवर्थ भागातल्या घरी हात खिशात घालून भिंतीकडे तोंड करून बसत. त्यांना काय म्हणायचं, हे डोरीननं मला आधी विचारलं; तिच्याकडे मोठ्यांना नावानं हाक मारत नाहीत, नात्यानं मारतात. "काका," मी म्हणालो. हा शब्द तिनं आपल्याच घरातला असल्यासारखा उचलला.

ती त्यांच्या घरी जाई, चहा घेई, गप्प बसे. खिडकीबाहेर बस जात, हीटर कुरकुरे, आणि त्या दोघांमध्ये दुपार एखाद्या मुक्या जनावरासारखी पसरलेली असे. वैतागून काका मला म्हणाले, "कॉलेजनं बिघडलेली पोरगी पाठवली काय रे? बोलतच नाही."

"अहो काका, तुम्ही तरी कुठं बोलताय?"

"मी बिघडलेलाच आहे."

मग एका दुपारी माझ्यादेखत त्यांनी हात खिशातून काढून तिच्यापुढे धरला. तिनं तो पुरेसा वेळ पाहिला, घाई न करता, नजर न चुकवता. आणि ओठ पुढे काढून त्यांच्या डाव्या हाताकडे खूण केली. काका आधी चिडले, मग इतके हसले की काकू स्वयंपाकघरातून धावत आल्या. पुढच्या आठवड्यात ते वर्कशॉपमध्ये होते, डाव्या तळव्यानं पितळेची झिलई तपासत.

तिला नापास करताना कॉलेजातल्या तिच्या शिक्षिका म्हणाल्या, "तो क्लायंट आहे, नातेवाईक नाही. मुलाखत झाली नाही, अंतर पाळलं नाही." मी कॉलेजात जाऊन सौदा मांडला: हिला पास करा, हवे तेवढे विद्यार्थी माझ्याकडे पाठवा. बाई हसून म्हणाल्या, "इथं बार्गेनिंग चालत नाही, मिस्टर जाधव." मी खुर्ची ढकलून उठलो. डोरीन बाहेर उभी होती. मी बडबडत राहिलो. ती थांबली, आणि ओठांनी फक्त बसस्टॉप दाखवला.

ती परत गेल्यावर वर्षाच्या आत त्याच बाई नव्या विद्यार्थ्यांना घेऊन माझ्या दारात आल्या. आता कॉलेज शिकवतं की आधी घरी जावं, चहा घ्यावा, गप्प बसावं, नात्यानं हाक मारावी. एका पोरानं काकांना सफाईनं 'काका' म्हटलं. काकांनी हात पुन्हा खिशात घातला आणि मला विचारलं, "आपली पोरगी कुठंय?"

काळ माणसं नेतो, आवाज नेतो, पितळेची झळाळीही नेतो. त्याच्याशी माझा सौदा होत नाही, हे मला कळतं. पण डोरीनला काळानं नेलं नाही. तिची शांतता, तिची रीत ठेवून घेऊन तिला रिकाम्या हातानं कुणी पाठवलं, याचं उत्तर त्या बाईंनी द्यावं. मला नको, काकांच्या समोर बसून, त्यांच्याकडे बघून द्यावं.